लेखणी कुणाच्या हाती?

मंडळी, आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. अंगठ्याची शाई पुसून तुम्ही लेखणी हातात घेतली आहे. स्वतःचे नाव स्वतः लिहिता येते. ही गोष्ट लहान वाटते, पण ती लहान नाही.

आपल्या कोल्हापुरात गोरगरिबांच्या हाती ही लेखणी यायला फार दिवस लागले. त्यासाठी एका राजाने कायदे केले. पुष्कळ साध्या माणसांनी बोलणी खाल्ली, मार खाल्ला, तुरुंग भोगला. ती हकीकत आज वाचू.

१. गावाचे दप्तर

पूर्वी गावात दोन मोठी वतने असत. एक पाटलाचे, दुसरे कुलकर्ण्याचे. पाटील गावचा कारभार बघे. कुलकर्णी गावाचा हिशेब लिही. कुणाची जमीन किती, कुणाचा सारा किती, कुणी भरला, कुणाचा राहिला, हे सारे त्याच्या दप्तरात असे. बापामागे मुलगा कुलकर्णी होई. गावाला तो बदलता येत नसे.

सारेच कुलकर्णी वाईट होते असे नाही. काही फार सरळ होते. पण गावात लिहिणारे घर एकच असले आणि बाकीच्यांना अक्षर कळत नसले, तर काय होते? विचार करा.

समजा, कुलकर्णी म्हणाला, “तुझी बाकी निघते.”

शेतकरी म्हणाला, “अवो, गेल्या सुगीला भरलीया की!”

“दप्तरात तसं नाही.”

झाले. बोलणे तिथेच संपले. दप्तरात काय आहे, हे बघणार कोण? शेतकऱ्याने घाम गाळला तरी त्याची साक्ष कागदावर नव्हती. सावकाराच्या वहीचेही तसेच होते. शंभर लिहिले की दोनशे, हे अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे.

हे दुखणे महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले. त्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य आणि बायका यांनी शिकले पाहिजे, असे ते गावोगाव सांगत राहिले. त्यांचा विचार पुढे कोल्हापुरातही रुजला.

२. राजाने रोग ओळखला

शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली झाला. ते कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८९४ साली त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला.

त्यांनी कचेऱ्यांत नजर टाकली. तेव्हा मोठ्या अधिकाऱ्यांच्या ७१ जागा होत्या. त्यांतल्या ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. राज्यात बहुतेक प्रजा शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य. पण कचेरीत त्यांचा माणूस दिसत नव्हता. का? कारण शिक्षण त्यांच्या दारापर्यंत पोचलेच नव्हते.

मग महाराजांनी दोन कामे हाती घेतली.

पहिले काम वसतिगृहांचे. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला, तर राहणार कुठे? जेवणार कुठे? म्हणून १९०१ सालापासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे निघाली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांची सोय झाली. कुंभोज गावचे भाऊराव पाटील हे जैन वसतिगृहात राहूनच शिकले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्या संस्थेत आजवर लाखो मुले शिकली. एका दिव्यावर दुसरा दिवा लागतो, तो असा.

दुसरे काम नोकऱ्यांचे. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांचा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या, असे ठरले. हुकूम निघाला तसा विरोधही झाला. पण महाराज मागे सरले नाहीत.

३. शाळा सक्तीची झाली

१९१७ साली महाराजांनी आणखी मोठे पाऊल टाकले. राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठरला. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाला मोठी रक्कम.

लोक म्हणत, “पोरगं साळंत गेलं तर गुरं कोण राखणार?” हा प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्या घरी हाताला हात कमी, त्याला तो रोज भेडसावत होता. पण महाराजांना पुढचे दिसत होते. आज गुरे राखली जातील, पण उद्या त्या पोराचे शेत कोण राखणार? कागद वाचता आला नाही, तर शेत जाते. शेत गेल्यावर गुरे बांधायची कुठे?

शाळेला इमारती पुरेशा नव्हत्या. देवळांत आणि चावडीतही शाळा भरू लागल्या.

१९१९ साली आणखी एक हुकूम निघाला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवावे, असा तो हुकूम होता.

महाराजांनी स्वतःच्या घरातही हेच केले. १९१८ साली त्यांचा धाकटा मुलगा वारला. सून इंदुमतीदेवी फार लहान वयात विधवा झाल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे, ही त्या वेळची रीत. घरच्यांचा विरोध होता. तरी महाराजांनी सुनेला शिक्षण द्यायला सुरुवात केली.

४. वतन गेले, नाव आले

१९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केले. त्या जागी पगारी तलाठी नेमले. तलाठी होण्यासाठी अमुक घरात जन्म लागत नसे. शिक्षण लागत असे. अस्पृश्य समाजातली शिकलेली माणसेही तलाठी झाली. ज्या समाजाच्या माणसाला चावडीच्या पायरीशी उभे राहावे लागे, त्याच समाजाचा माणूस आत बसून गावाचे दप्तर लिहू लागला.

त्याच साली महार वतनही गेले. हे वतन म्हणजे काय होते? महारांना थोडी जमीन आणि बलुते मिळे. त्या बदल्यात सगळ्या घराने रात्रंदिवस गावाची आणि सरकारची कामे करायची. सांगावा न्यायचा, पहारा द्यायचा, मेलेली गुरे ओढायची. नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी वतनाच्या जमिनी रयतावा करून दिल्या. म्हणजे ज्याची जमीन त्याच्या नावावर झाली. आता ती जमीन राबणुकीच्या बदल्यात नव्हती, मालकीची होती. पुढे वेठबिगारही बंद करण्यात आली.

पण मंडळी, हुकूम कागदावर असतो आणि माणसाचे मन जुन्या जागीच असते. गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी मारले. पाण्यासाठी मार! महाराजांना कळले तेव्हा ते संतापले. त्यांनी गंगारामना नोकरीच्या मागे न ठेवता स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामनी भर शहरात चहाचे हॉटेल घातले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? स्वतः महाराज तिथे थांबून चहा पिऊ लागले. राजाच पितो म्हटल्यावर मग बाकीच्यांना नाके मुरडता येईनात.

५. माणगावची परिषद

हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते एक तरुण विद्वान, भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ‘मूकनायक’ हे पत्र काढले होते. त्यालाही महाराजांनी पैशाची मदत केली होती.

महाराज स्वतः माणगावला आले. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. राजाने आपल्या प्रजेला हे सांगावे, ही गोष्ट साधी नव्हती. दुसऱ्याच्या कृपेवर नव्हे, आपल्यातल्या शिकलेल्या माणसाच्या मागे उभे राहा, असा त्याचा अर्थ. त्याच आंबेडकरांनी पुढे भारताच्या घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते.

६. प्रजेने तोंड उघडले

राजा चांगला असला तर रयतेचे चांगले होते. पण राजा बदलला तर? रयतेचे सुख एका माणसाच्या मनावर सोडून चालत नाही. हे कोल्हापूरच्या लोकांना पुढे कळले.

१९३९ साली माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांचे सोबती यांनी प्रजा परिषद उभी केली. शेतसारा कमी करा, राज्यकारभार लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सभा झाल्या. मोर्चे निघाले. शेतकरी घरची भाकरी बांधून मोर्चाला आले. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. तरी चळवळ थांबली नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात सामील झाले. रयत होती, ती नागरिक झाली. रत्नाप्पा कुंभार हे घटना समितीचे सभासद होते. शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावच्या या माणसाची सही देशाच्या घटनेवर आहे.

७. एक माणूस, एक मत

इंग्रजांच्या मुलखात मताचा हक्क सर्वांना नव्हता. मालमत्ता बघत, कर बघत, शिक्षण बघत. नव्या घटनेने तो भेद काढून टाकला. २१ वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला मत मिळाले. १९८९ साली हे वय १८ झाले.

पहिली मोठी निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा देशात शंभरातल्या सुमारे १८ लोकांनाच वाचता येत होते. मग उमेदवार ओळखायचा कसा? प्रत्येकाला चित्र दिले. कुणाला बैलजोडी, कुणाला झोपडी, कुणाला झाड. प्रत्येकाची पेटी वेगळी. आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. अडाणी माणूससुद्धा देशाचा मालक आहे, हे त्या पेट्यांनी दाखवले.

उत्तरेकडच्या काही राज्यांत मात्र एक अडचण आली. पुष्कळ बायकांनी यादीत आपले नाव सांगितलेच नाही. “अमक्याची बायको,” “तमक्याची आई,” एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली. बघा, नाव लिहिले नाही म्हणून मत गेले!

८. अंगठा आणि जमीन

कूळकायद्याची गोष्टही अशीच आहे. हा कायदा १९४८ सालचा. पुढे ठरले, की १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ त्या जमिनीचा मालक मानावे. किंमत हप्त्याने भरायची. पुष्कळ कुळांचे भाग्य उजळले.

पण सगळ्यांचे नाही. काहींचे नाव दप्तरात कूळ म्हणून लागलेच नव्हते. तीन पिढ्या जमीन कसली, पण कागद मुका. काहींनी “मी जमीन खुशीने सोडतो” अशा कागदावर अंगठा उठवला. मालक म्हणाला, “कर इथं.” यांनी केला. कागदात काय होते, हे घरी गेल्यावरही कळले नाही. पुढे नांगर घेऊन बांधावर गेले, तेव्हा कळले.

कायदा होता. हक्क होता. वाचता येत नव्हते, एवढीच उणीव. आणि एवढ्यावरच जमीन गेली.

९. आता आपली पाळी

लेखणी आता तुमच्या हातात आहे. तिचा उपयोग करा.

आपला सातबारा काढा आणि स्वतः वाचा. आपले नाव बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? बोजा कुणाचा आहे?

ग्रामसभेला जा. गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे, बाईसुद्धा. ठराव लिहिला की तो मोठ्याने वाचायला सांगा.

सरकारी कामाची माहिती पाहिजे असेल, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. तो २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज लिहिता येतो.

आणि बायांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि म्हणतो, “आक्का, नुसती सही कर.” भावावर माया असू द्या. हिस्सा घ्यायचा की सोडायचा, ते तुम्ही ठरवा. पण आधी कागद वाचा. एक ओळ समजली नाही तर म्हणा, “थांब दादा, वाचून घेते.” भाऊ खरा असेल तर थांबेल.

अंगठा उठवायला एक पळ लागतो. वाचायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ घ्या.

शब्दांचे अर्थ

दप्तर – सरकारी कागदपत्रांचा गठ्ठा, नोंदी
वतन – वंशपरंपरेने चालणारे काम आणि त्याबद्दल मिळणारी जमीन
वेठबिगार – मोबदला न देता जबरीने करून घेतलेले काम
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा
बोजा – जमिनीवर असलेले कर्ज

प्रश्न

१. कुलकर्णी वतन बंद केल्यावर गावाचे दप्तर कोण लिहू लागले?
२. सक्तीच्या शिक्षणाला काही लोकांचा विरोध का होता? तुमचे मत काय?
३. कायदा असूनही काही कुळांची जमीन का गेली?
४. तुमच्या घरचा सातबारा आणून वर्गात वाचा. त्यात कुणाकुणाची नावे आहेत? कुणाचे नाव असायला हवे होते?