उपकार जिरवावा कसा?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे वारकरी मंडळींस नव्याने सांगावयास नको. त्यांतील सात्त्विक दानाच्या लक्षणात 'अनुपकारी' असा एक शब्द आला आहे. देश, काल, पात्र यांवर तासभर निरूपण होते आणि हा बिचारा शब्द पंक्तीच्या टोकाला बसलेल्या पाहुण्यासारखा उपाशी राहतो. आज या एकाच शब्दापुरते बोलू.

अनुपकारी म्हणजे कोण? श्रीमदाद्य शंकराचार्यांनी भाष्यात त्याचे दोन अर्थ लावले आहेत. ज्याच्या अंगी परतफेडीचे सामर्थ्यच नाही, तो एक. आणि सामर्थ्य असूनही ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा धरली नाही, तो दुसरा. पहिला अर्थ पोरासही कळतो. भुकेला, अपंग, मुके जनावर. दुसरा मात्र अवघड आहे. चांगला धडधाकट, मोटार बाळगणारा, खिशात पैसा खुळखुळणारा मनुष्य अनुपकारी कसा व्हावा? आणि त्याहून अवघड म्हणजे, त्या जागी आपणच उभे राहिलो तर घेतलेल्या उपकाराचे करावे काय? या प्रश्नाचा दृष्टान्त आम्हांस परदेशातील एका रस्त्यावर मिळाला. दृष्टान्तावाचून कीर्तनकाराचे पाऊल पुढे पडत नाही, तेव्हा तो ऐका.

सन २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही ऑस्ट्रेलियात पर्थ येथे भाच्याकडे होतो. त्याची बदली ॲडलेडला झाली. सामान पुढे रवाना झाले, आणि "मामा, मोटारीने जाऊ, देश तरी पाहून होईल," असे तो म्हणाला. या दोन शहरांत सुमारे २,७०० किलोमीटरचे अंतर आहे. वाटेत नलारबोर नावाचे विशाल पठार लागते. हे नाव लॅटिन शब्दांवरून बनविलेले असून त्याचा अर्थ 'झाड नसलेले' असा आहे. आपण निर्वृक्ष म्हणू. रस्त्याच्या कडेने खुरटी झाडे पुष्कळ ठिकाणी आहेत, पण बूड टेकावे अशी सावली विरळा. पेट्रोल, खाणे आणि मुक्काम यांची ठाणी शंभर-दोनशे किलोमीटरांवर एक. बॅलाडोनिया नावाच्या अशाच एका ठाण्याच्या परिसरात १९७९ साली अमेरिकेच्या 'स्कायलॅब'चे तुकडे पडले होते. ते आपल्या डोक्यावर पडेल म्हणून तेव्हा आपल्याकडेही लोकांनी किती धास्ती घेतली होती, हे आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल! ते पडले ते असे जाऊन तिथे.

बॅलाडोनियापासून पुढे कायगुना हे ठाणे सुमारे १८० किलोमीटर आहे, आणि त्यातील १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. तशी पाटीच लावलेली आहे. पुण्याहून निघावे आणि कऱ्हाड जवळ येईपर्यंत सुकाणू वळवावे लागू नये, तसा प्रकार. या सरळ पट्ट्यावर निम्म्याच्या जवळपास आलो असता इंजिनाचा तापकाटा वर चढला आणि पुढून वाफ निघू लागली. भाच्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. पाहतो तो रेडिएटरची रबरी नळी फाटलेली, पाणी भुईवर.

येथे थोडे यंत्राविषयी सांगतो, कारण ते आपल्याकडील दिंडीच्या गाड्यांनाही लागू आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी बंदिस्त असते आणि दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. त्या स्थितीत कोणी घाईने झाकण उघडले, तर दाब एकदम सुटतो, पाण्याची वाफ उसळते आणि तोंड-हात भाजून निघतात. म्हणून अर्धा-पाऊण तास काही न करता थांबणे, हाच पहिला उपाय. दुसरा तिकडचा नियम असा की गाडी सोडून चालत निघावयाचे नाही. गाडी लांबून दिसते, विमानातूनही दिसते. माणूस दिसत नाही. अशा निघालेल्या माणसांचे त्या उन्हात काय होते, ते तिकडच्या लोकांनी अनुभवाने ठरविले आहे.

ऊन ४० अंशांच्या वर होते. भ्रमणध्वनीला खूण नव्हती. जवळ पाण्याचा एक डबा, तोही अर्धा. एक अजस्र ट्रक गेला. दोन-तीन डबे जोडलेली ही धुडे ३६ मीटरांपर्यंत लांब असतात, एवढ्या ओझ्यासह ती चटकन थांबू शकत नाहीत. चालकाने हात वर केला आणि तो निघून गेला. नंतर तासभर कोणी नाही. आमचा जप चालू होता, भाचा मात्र त्या डब्याकडे सारखा पाहत होता.

मग समोरून, म्हणजे आमच्या उलट दिशेने, मागे राहण्याचा डबा जोडलेली एक मोटार आली आणि थांबली. पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, वयाने आमच्याच बरोबरीचा. निवृत्त झाल्यावर असा डबा जोडून देशभर हिंडणारी वृद्ध मंडळी तिकडे पुष्कळ आहेत. एक प्रकारची वारीच म्हणा, फक्त पंढरी ठरलेली नसते. त्याने काय मोडले हे विचारले नाही. प्यावयास पाणी आहे का, हे आधी विचारले. मग नळी पुसून कोरडी केली, स्वतःच्या पेटीतली ताणून घट्ट बसणारी रबरी पट्टी तिच्यावर गुंडाळली, आणि आपल्या डब्यातले पिण्याचे दहा लिटर पाणी आमच्या रेडिएटरमध्ये ओतले. दाब साचून पट्टी सुटू नये म्हणून झाकण थोडे सैल ठेवविले. साठाच्या वर वेग नको असे सांगितले. एवढे करून तो आपल्या वाटेने जाता, तरी आम्ही जन्मभर नाव घेतले असते. पण त्याने ते लांबलचक वाहन त्या अरुंद रस्त्यावर मागेपुढे करीत वळविले आणि दिवे लुकलुकत ठेवून आमच्यामागे कायगुनापर्यंत ऐंशी किलोमीटर आला. वाटेत दोनदा थांबवून पट्टी तपासली, पाणी भरले. म्हणजे त्याला तेवढेच परत जावयाचे होते!

ठाण्यावर भाच्याने पैसे पुढे केले. त्याने हात मागे नेले. चहा मात्र घेतला, आणि आम्हांसही आपल्या हाताने करून दिला. बिनसाखरेचा होता, पण तसल्या दिवशी त्याची चव कोण पाहतो? निघताना भाचा सद्गदित होऊन म्हणाला, "कधी तरी आम्हांलाही तुम्हांस मदत करण्याची संधी मिळो."

हे वाक्य सभ्यपणाचे आहे. आपल्या आभारप्रदर्शनात ते रोज म्हटले जाते. परंतु वाल्मीकींनी रामायणाच्या उत्तरकांडात या वाक्याचा निकाल लावून ठेवला आहे. राज्याभिषेकानंतर वानरवीरांना निरोप देताना प्रभू मारुतीरायास जे सांगतात, त्याचा आशय असा: तुझे उपकार माझ्या ठायीच जिरून जावोत, कारण परतफेडीची इच्छा धरणारा मनुष्य उपकारकर्त्यावर संकट कोसळण्याची वाट पाहत असतो. पाहा किती सूक्ष्म विचार! त्या वृद्धाला आम्ही मदत करावयाची, तर त्याची गाडी त्याच निर्जन रस्त्यावर बंद पडली पाहिजे. आमचे ऋण फिटावे म्हणून त्याने उन्हात तळमळावे काय?

प्रभूंनी 'फिटो' म्हटले नाही, 'जिरो' म्हटले, येथे खरा अर्थ आहे. अन्न जिरते म्हणजे नाहीसे होत नाही, ते हातापायांत उतरते. जेवणारा ते स्वयंपाकिणीला परत करीत नाही, त्या बळावर शेत नांगरतो. नाथमहाराजांची कथा याच अंगाने पाहावी. काशीहून गंगेची कावड रामेश्वरास न्यावयाची, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ती रिती करावयाची. गाढव हा पहिल्या अर्थाचा अनुपकारी. आम्ही दोघे दुसऱ्या अर्थाचे. त्या वृद्धाने दोन्ही अर्थांत फरक केला नाही, पिण्याचे पाणी यंत्राच्या मुखात ओतून मोकळा झाला.

मागे एका गावी कीर्तनानंतर एका तरुणाने शंका काढली. "बुवा, ओसाड रानात कोणीही थांबेल. आमच्या हमरस्त्यावर शेकडो गाड्या जातात, कोण थांबतो?" शंका रास्त आहे, शास्त्रानेही ती तपासली आहे. भाच्याची मुलगी मानसशास्त्र शिकते, तिने सांगितले ते असे. १९६८ साली डार्ली आणि लताने या अमेरिकन पंडितांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगळ्या खोल्यांत बसलेले, यंत्रातून एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांस वाटले, त्यांपैकी शेकडा ८५ लगेच मदतीस धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांस वाटले, त्यांपैकी अवघे ३१. म्हणजे माणूस निर्दय नसतो. दुसरा कोणी करील, असे त्याला वाटते.

मग लाखोंच्या वारीत कसे व्हावे? आमच्या मते याचे उत्तर दिंडीच्या रचनेत आहे. वारी ही गर्दी नव्हे. तिला क्रमांक आहेत, विणेकरी आहेत, प्रत्येकाची ओळ आहे. ओळीतला एक बसला तर शेजारच्याला कळते, आणि कोणी पाहावयाचे हा प्रश्न उरत नाही. पण रस्त्याकडेला बंद पडलेली परक्या दिंडीची गाडी, किंवा वारीत नसलेल्या एखाद्याची मोटार, ही कोणाच्या ओळीत? तेथे आपणही शेकडा ३१ मध्येच आहोत, हे आम्ही वाखरीजवळ डोळ्यांनी पाहिले आहे.

केवळ बिघाड असेल तर पाणी, सावली आणि थोडा वेळ एवढेच लागते. अपघात असेल तर लोक पोलीस-कचेरीच्या भयाने मागे सरतात. ते भय आता धरू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले. सद्हेतूने अपघातग्रस्तास मदत करताना काही चूक झाली, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. दिंडीप्रमुखांनी आषाढीस निघण्यापूर्वी हे कलम आपल्या वाहनचालकांस एकदा वाचून दाखवावे, आणि प्रत्येक गाडीत पिण्याच्या पाण्याखेरीज दहा लिटरचा एक डबा वेगळा भरून ठेववावा.