माकडांचा सातबारा

परंडा तालुक्यातल्या सोनारीत काळभैरवनाथाच्या देवळासमोर बसलं की आधी हातातला नारळ सांभाळावा लागतो. इथली माकडं माणसाला भीत नाहीत. परवा भाची बारावीच्या इंग्रजीचं प्रोजेक्ट घेऊन शेजारी येऊन बसली. विषय : माझं गाव. माझं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे वही लगेच माझ्या हातात आली आणि नारळ तिच्या मांडीवर गेला.

मी : हे काय लिहिलंयस? सोनारीच्या माकडांच्या नावावर 32 एकर जमीन आहे?

ती : हो आत्या. एका रीलमध्ये होतं. एआयलाही विचारलं, तेही हो म्हणालं.

मी : आकडा बरोबर आहे, गाव चुकलंय. ती बातमी उपळ्याची. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. ऑक्टोबर 2022 मध्ये पेपरात आली होती.

ती : मग मला का नाही सापडली? मी धाराशिव टाकून शोधलं की.

मी : तिथंच फसलीस. जिल्ह्याचं नाव बदललं 2023 मध्ये. जुनी बातमी जुन्या नावाखालीच सापडणार. उस्मानाबाद टाकून बघ.

तिनं टाकलं. बातमी निघाली.

ती : सापडली! सरपंच म्हणतात, कागदोपत्री जमीन माकडांचीच आहे, पण ही सोय कुणी आणि कधी केली ते माहीत नाही.

मी : बघ, रील करणाऱ्यानं नेमकं हेच वाक्य गाळलं. आणि माकडं म्हटल्यावर त्याला सोनारी आठवली असणार.

ती : मग आता बातमीचा रेफरन्स दिला की झालं ना?

मी : तुझ्या वाक्यापुरतं झालं. पण बातमी म्हणजे सरपंचांचं म्हणणं, तेही बातमीदाराच्या तोंडून. त्यामागचा कागद महसूल खात्याचा. शेत घेताना तुझे बाबा शेजाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजतील का? सातबारा बघतात, गट नंबर बघतात, फेरफार काढतात. पुस्तकाचंही तेच. लेखक म्हणजे खातेदार, पान म्हणजे गट नंबर. आवृत्तीचं साल लिहायचं, कारण नव्या आवृत्तीत मजकूर बदलला असेल तर तो फेरफारच. तू खाली काय लिहिलंयस? ‘गूगल’. म्हणजे जमीन कुठं आहे विचारलं तर महाराष्ट्रात, असं सांगण्यातली गत.

ती : पण ते एमएलए, एपीए वगैरे परदेशी नियम पाठ करायचे म्हणजे वैताग आहे.

मी : स्वल्पविराम कुठं द्यायचा एवढंच त्यांचं. मजकुरात एमएलए लेखकाबरोबर पान मागतं, एपीए साल मागतं. कॉलेज सांगेल ती पद्धत धर आणि शेवटपर्यंत तीच ठेव. बाकी कोण म्हणालं ते सांगायची रीत काही साहेबानं आणलेली नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते कसं? चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून ऐकल्या, आणि ज्या माणसासंबंधी आठवण असेल त्याला गाठून विचारून घेतल्या. पुढे मूळ पोथी गेली. शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, तेव्हा एकाच लीळेचे निरनिराळे पाठ झाले. मग पोथी उतरवून घेणाऱ्यांनी काय केलं? एकच पाठ ठेवून बाकीचे फेकले नाहीत. हा हिराइसेचा पाठ, तो दुसऱ्याचा, असं नोंदवत गेले. तुझ्या फोनमधल्या एआयला विचार, तुझा पाठ कुणाचा म्हणून.

ती : बरं बाई. पण पुढचं वाक्य तरी बरोबर आहे. वीरचा म्हस्कोबा आपल्या सोनारीहून गेला. हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मी : कमळाजी धनगराच्या भक्तीसाठी देव इथून पुरंदर तालुक्यात वीरला गेला, ही कथा. सोंथायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं म्हस्कोबा, बिरोबा, खंडोबावर आख्खं पुस्तक लिहिलं. जर्मनमध्ये 1976 साली आलं, ॲन फेल्डहाउसनी केलेलं इंग्रजी भाषांतर 1989 साली. आता बघ, ‘देव गेला’ असं लिहिलंस तर देव गेल्याचा पुरावा द्यावा लागेल. ‘अशी कथा सांगतात’ म्हटलंस तर कथेचा पुरावा पुरतो.

ती : ते मिळमिळीत वाटतं पण.

मी : तिथंच थांबलीस तर वाटणारच. पुढं विचार की. वीरच्या धनगरांना आपला देव परंड्याकडून आलेला का वाटावा? मेंढरं घेऊन माणसं या वाटेनं फिरत होती का? हा झाला मुद्दा. आणि त्याच्या विरुद्ध बोलणाराही तूच उभा कर : कथा यात्रेकरूही नेतात, त्यासाठी मेंढरं कशाला लागतात?

ती हसली आणि कवितेचं पान उघडलं. युवकभारतीतली दिलीप चित्र्यांची ‘फादर रिटर्निंग होम’. रसग्रहण म्हणून तिनं उपमा, अनुप्रास वगैरे एकाखाली एक मांडून ठेवलं होतं.

मी : ही किराणा मालाची यादी झाली. लोकलमधून उतरणाऱ्या वडिलांना चित्र्यांनी वाक्यातून सुटलेल्या शब्दाची उपमा दिली. शब्दाचीच का?

ती : गर्दीत हरवतात म्हणून?

मी : मग पोत्यातला दाणाही चालला असता. वाक्यातून शब्द सुटला की काय होतं?

ती : अर्थ बिघडतो. (थांबून) पण इथं गाडी तशीच पुढं जाते. एक माणूस कमी झाला ते कुणाला कळतही नाही.

मी : हे लिही.

ती : आणि घरी शिळी चपाती. शिळी आपण सकाळी खातो, चहाबरोबर. रात्री दमून आलेल्या माणसाला कुणी शिळी वाढतं का?

ही कविता मी किती वेळा वाचली असेल, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गाईडमध्ये तिथं गरिबी लिहितात. ती म्हणत होती, घरात त्यांच्यासाठी कुणी थांबलेलं नाही.

ती : पण वडील एकटे पडलेत असं कवी कुठंच म्हणत नाही.

मी : म्हणून तर तो मुद्दा तुझा आणि पुरावा कवितेचा. चपाती झाली. अजून?

ती : मुलं त्यांना आपल्या गमती, गुपितं सांगत नाहीत. झोपताना रेडिओची खरखर ऐकतात.

मी : दोन्हींच्या ओळींचे नंबर टाक. घराशी त्यांचं बोलणं नाही आणि कानावर पडते ती खरखर, असं...

एवढ्यात तिच्या मांडीवरचा नारळ गेला. माकड पायरीवर बसून तो दगडावर आपटत होतं. भाची उठलीसुद्धा नाही. 32 एकरांची ओळ खोडून तिनं तिथं इंग्रजीत लिहिलं, की सोनारीची माकडं नारळ पळवतात. आणि खाली बारीक अक्षरात : स्वतः पाहिलं, देवळासमोर, संध्याकाळी सव्वापाच.