आखाताचा पक्का रस्ता आणि कच्चा रस्ता

कापडाच्या पेठेत माल दोन तऱ्हेने येतो. एक पक्क्या बिलावर, दुसरा कच्च्या चिठ्ठीवर. कच्च्या चिठ्ठीचा माल थोडा स्वस्त पडतो आणि लवकर हाती येतो. पण तागा फाटका निघाला किंवा मापात कमी भरला, तर दाद मागायला जागा नसते. चिठ्ठीवर ना नाव, ना नंबर. परदेशी रोजगाराला जाणाऱ्या कारागिरांचा व्यवहारही याच दोन तऱ्हांनी होतो. फरक एवढाच की इथे माल म्हणजे माणूस असतो.

आम्ही तीस वर्षे कापडाच्या धंद्यात आहोत. शिंपी, जरीकाम करणारे, यंत्रमागावरचे कारागीर यांच्याशी रोजचा संबंध. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी "शेठ, व्हिसा आला आहे, थोडी रक्कम हवी" म्हणून येतच असतो. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, व्हिसा कशाचा? दहापैकी सहा-सात जणांना याचे नीट उत्तर देता येत नाही. "दुबईचा आहे" किंवा "सौदीचा आहे" एवढेच त्यांना ठाऊक असते. म्हणून हा विषय मुळापासून मांडण्याचे आम्ही ठरवले.

बेकायदा गेलेला माणूस म्हटले की रात्रीच्या अंधारात लाँचमधून उतरणारा डोळ्यांपुढे येतो. साठच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावरून लाँचने खोरफक्कानला उतरणारे लोक होते, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या सरहद्दीवर आजही जंगलातून चालत जाणारे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने जे १०४ भारतीय अमृतसरला परत आणले गेले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. परंतु आखाताकडे जाणारा आपला माणूस खऱ्या पासपोर्टवर, खऱ्या तिकिटावर, दिवसाढवळ्या विमानाने जातो. त्याच्या हातातला कागद खराच असतो. तो कागद ज्या कामासाठी दिलेला असतो, ते काम मात्र तो करत नाही. कच्चा रस्ता सुरू होतो तो इथून.

आपल्या देशात यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी पास नसलेल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर ई.सी.आर. असा शेरा असतो. असा माणूस आखातातील सहा देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जाणार असेल, तर त्याला सरकारच्या प्रोटेक्टर कार्यालयाची मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. मालक कोण, पगार किती, करार काय, याची नोंद ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेत होते, आणि सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघाती विमा उतरवला जातो. याचा हप्ता दोन-तीन वर्षांसाठी मिळून काहीशे रुपयेच आहे.

एजंट ही मंजुरी टाळतो ती व्हिजिट व्हिसा काढून. फिरायला जाणाऱ्याला मंजुरीची गरज नसते. मग कारागीर महिना-दोन महिन्यांच्या व्हिसावर दुबईला उतरतो आणि तिथे काम शोधतो. काहींना कामाचा व्हिसा मिळतोही, आणि तिथल्या कायद्याने ते योग्य ठरते. पण आपल्या सरकारच्या वहीत त्याच्या कराराची नोंद नसते आणि विमाही नसतो. ज्याला काम मिळत नाही, त्याची मुदत संपते. संयुक्त अरब अमिरातीत मुदतीनंतर राहिल्याचा दंड रोज ५० दिरहम आहे. सहा महिन्यांचे ९,००० दिरहम झाले. आमच्याकडून अस्तर आणि बटणे नेणाऱ्या एका शिंप्याचा मुलगा असाच अडकला होता. दंडाच्या भीतीने तो विमानतळाकडे फिरकेना, आणि कागद नसल्याचे पाहून दुकानदार त्याला अर्ध्या मजुरीवर राबवी. २०२४ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात तिथल्या सरकारने दंडमाफी दिली, तेव्हा तो घरी आला.

दुसरा प्रकार आझाद व्हिसाचा. हा शब्द ऐकायला गोड आहे, पण कोणत्याही सरकारच्या कायद्यात असा व्हिसा नाही. सौदीतला एखादा कफील आपल्या नावावर घरच्या ड्रायव्हरचा किंवा घरगुती नोकराचा व्हिसा काढतो आणि तो विकतो. घेणारा शिंपी असतो. तो कफीलला ठरावीक रक्कम देत राहतो आणि बाहेर दुसऱ्याच्या दुकानात मशीन चालवतो. अकामा खरा, कामगार खरा, पण अकाम्यावरचे काम वेगळे आणि मालकही वेगळा. २०१३ मध्ये सौदी सरकारने कायदा कडक केला आणि आपल्या कफीलखेरीज दुसऱ्याकडे काम करणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मुदत दिली होती. त्या काळात लाखो भारतीयांनी कागद दुरुस्त केले आणि एक लाखाहून अधिक परत आले. २०१७ मध्ये पुन्हा ९० दिवसांची मुदत दिली गेली.

दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या आझाद व्हिसाचा हिशेबही करून पाहा. ज्या आस्थापनेत सौदींपेक्षा परदेशी कामगार जास्त, तिला २०२० पासून दर परदेशी कामगारामागे महिन्याला ८०० रियाल सरकारी कर आहे. कारखाने आणि अगदी लहान आस्थापना यांना काही सूट आहे, ती सोडून द्या. वर्षाचे ९,६०० झाले, आणि अकामा नूतनीकरणाचे ६५०. कायद्याने हा सगळा खर्च मालकाचा. आझाद व्हिसावाल्याचा मालक कागदावरच असल्याने तो खर्च कारागिराच्या माथी येतो. महिन्याला १,००० रियाल शिल्लक टाकणाऱ्याच्या वर्षभराच्या १२,००० मधून १,७५० उरतात. त्यातून विमा, कफीलचे पैसे आणि आणखी एक ईद घरापासून दूर. अशा वेळी अकामा नूतनीकरण राहून जाते आणि आत असलेला माणूस बाहेरचा होतो.

उमराहच्या व्हिसावर जाऊन मागे राहून काम करणारेही एके काळी पुष्कळ होते. हल्ली बोटांचे ठसे घेतले जातात. नाव बदलून नवा पासपोर्ट काढला तरी मशीन ओळखते, आणि एकदा हद्दपारीची नोंद झाली की परत कामाला जाण्याची वाट बंद होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सरळ रस्त्यानेच जावे, त्यात अवघड काय? अवघड पुष्कळ आहे, आणि ते लपवणे आम्हाला पटत नाही. कच्चा रस्ता चालतो याचे मोठे कारण पक्क्या रस्त्यातले खड्डे आहेत.

सुरुवात नावापासून होते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, आणि इंग्रजीत शेख किंवा सय्यद प्रत्येक कारकून आपापल्या मर्जीने लिहितो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत एकच असलेले नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे. एका अक्षराच्या फरकाने दहावीचा दाखला आणि पासपोर्ट जुळत नाहीत. काहींच्या पासपोर्टवर तर आडनावच नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणे थांबवले, तेव्हा अनेकांची तिकिटे वाया गेली. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असले तर चालेल अशी सवलत आली.

मग वैद्यकीय तपासणी. यंत्रमागावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना हा टप्पा विशेष जड जातो. क्षयरोग कधीच बरा झालेला असतो, पण छातीच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसतो आणि कागदावर 'अनफिट' लिहिले जाते. तपासणीचे पैसे गेले ते गेलेच. वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर यांना सौदीसाठी आता कौशल्याची परीक्षाही द्यावी लागते. हात चांगला चालतो पण परीक्षेचा कागद भरता येत नाही, असे कारागीर आपल्यात कमी नाहीत.

सर्वांत मोठा खड्डा पैशांचा. नोंदणीकृत एजंटने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जी.एस.टी., म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये असा नियम आहे. सौदी आणि अमिरातीच्या कायद्यांत तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा आहे. प्रत्यक्षात लाख-सव्वा लाख मागितले जातात आणि पावती मागितली की एजंटचा चेहरा बदलतो. नोंदणी नसताना हा धंदा करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड? दोन हजार रुपयांपर्यंत. आमच्या दुकानात त्यात एक बरी साडी येते.

आणि तिथे पोहोचल्यावरही पक्का कागद म्हणजे चिलखत नव्हे. मुंबईत एका पगाराच्या करारावर सही आणि तिथे कमी पगाराचा अरबी कागद पुढे, हे जुने दुखणे आहे. पासपोर्ट मालक ठेवून घेतो. कामगार भांडला तर 'पळाला' अशी तक्रार करतो, त्याला सौदीत हुरूब म्हणतात, आणि कायदेशीर माणूस रातोरात बेकायदा ठरतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मेले. ते एका कंपनीच्या इमारतीत राहणारे कामगार होते, लपून राहणारे नव्हते. राहण्याची जागा कशी आहे, हे कोणत्याही व्हिसावर लिहिलेले नसते.

तरीही आम्ही पक्क्या रस्त्याच्या बाजूने आहोत, कारण हुरूबची खोटी तक्रार झाली तरी करार आणि पगाराच्या नोंदी असलेला माणूस कामगार न्यायालयात उभा राहू शकतो. अमिरातीत २००९ पासून आणि सौदीत २०१३ पासून पगार बँकेतून देण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली. तीन महिने पगार थकला तर बँकेचा कागदच साक्ष देतो. सौदीत मार्च २०२१ पासून, एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला अटी पाळून मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलता येते. घरगुती नोकर आणि ड्रायव्हर यांना ही सवलत त्या सुधारणेत दिलेली नव्हती. ड्रायव्हरच्या व्हिसावर गेलेल्या शिंप्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

व्यापाऱ्याच्या नजरेतून आणखी एक बाजू आहे, तिचा विचार फारसा कोणी करत नाही. ज्याचे तिथे बँकेत खाते नाही, तो पैसे हुंडीने पाठवतो. घर चालते, बहिणीचे लग्न होते. पण दहा वर्षांनी परत येऊन तो चार माग किंवा एक दुकान घ्यायला निघतो, तेव्हा बँक विचारते, उत्पन्न दाखवा. दाखवायला काही नसते. एन.आर.ई. खात्यातून आलेली रक्कम कागदावर उभी असते आणि तिच्यावर कर्ज मिळते. दहा वर्षांची मेहनत सारखीच, पण एकाच्या मेहनतीची नोंद आहे आणि दुसऱ्याची नाही.

व्हिसासाठी रक्कम मागायला येणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी करायला लावतो. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत शोधायचा. मोहल्ल्यातला 'आपलाच माणूस' त्या यादीत नसेल, तर तो नोंदणीकृत नाही, मग तो कोणाचाही मेहुणा असो. दुसरे, पैसे रोख न देता बँकेतून द्यायचे. इथेच बरेच एजंट गळतात. थायलंडला संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून मुलांना म्यानमारच्या सरहद्दीपलीकडे फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार २०२२ पासून उघड झाले आहेत. तिथेही सुरुवात व्हिजिट व्हिसानेच झाली होती.

आणि जे आज तिथे कागदाविना अडकले आहेत, त्यांच्या घरच्यांनी एजंटच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि अडचणीत सापडलेल्या गरजूला त्यातून तिकिटासाठी किंवा मय्यत घरी आणण्यासाठी मदत मिळू शकते. पासपोर्ट हरवला असेल तर वकिलात परतीच्या एका प्रवासापुरता दाखला देते, पण त्यासाठी आधी माणूस भारतीय आहे हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून जाणाऱ्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची एकेक झेरॉक्स घरात ठेवावी, आणि ती कुठे ठेवली आहे हे आईला आणि बायकोला, दोघींनाही सांगून जावे.