शिबिरनियोजनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा युक्तियुक्त वापर : दशविध परीक्ष्य भावांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

आपल्या शाखांतर्फे वर्षभर आरोग्यशिबिरे, सुवर्णप्राशन, धन्वंतरी पूजन, चर्चासत्रे असे उपक्रम होत असतात. त्यांचा भार बहुधा चार-पाच वैद्यांवर आणि एक-दोन औषधालय चालकांवर पडतो, तोही चिकित्सालयाच्या वेळा सांभाळून. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अशी साधने भ्रमणध्वनीवरही सहज मिळू लागली आणि अनेक वैद्यबंधू पत्रके, निमंत्रणे, कामाच्या याद्या त्यांच्याकडून लिहवून घेऊ लागले. यात वेळ वाचतो, हे निर्विवाद. परंतु त्या मजकुराखाली नाव आपले असते. म्हणून या साधनाचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये, याचा विचार शास्त्राच्या चौकटीत करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल आमच्या शाखेने योजलेले बालकांचे सुवर्णप्राशन शिबिर घेतले आहे.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, कोणत्याही कार्यास प्रवृत्त होण्यापूर्वी दहा भावांचे परीक्षण करावे असे सांगितले आहे. कारण, करण, कार्ययोनि, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ति आणि उपाय हे ते दहा भाव होत. आचार्यांनी ते चिकित्सेच्या संदर्भात विशद केले असले तरी त्यांचे स्वरूप सार्वत्रिक आहे. शिबिर हेही एक कार्यच होय.

१) कारण व करण

कारण म्हणजे कर्ता आणि करण म्हणजे कर्त्याचे साधन. कृत्रिम बुद्धिमत्ता हे करण आहे, कारण नव्हे. हा भेद ध्यानात राहिला तर पुढील बहुतेक चुका टळतात. हे साधन प्रचंड लेखनसंग्रहावरून शब्दामागून कोणता शब्द संभवतो याचे अनुमान करून वाक्ये रचते. त्यामुळे त्याची भाषा बहुधा आत्मविश्वासपूर्ण असते. मजकूर सत्य असो वा असत्य, स्वर अनेकदा तोच. आप्तवचनाचा दर्जा त्यास देता येत नाही. त्याच्याकडून आलेला श्लोक, अध्यायाचा संदर्भ किंवा मात्रा मूळ ग्रंथ उघडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

२) कार्ययोनि

कार्य ज्यापासून घडते ती सामग्री म्हणजे कार्ययोनि. नियोजनात ही सामग्री म्हणजे आपण दिलेली माहिती. ‘शिबिराचे नियोजन करून द्या’ एवढेच लिहिल्यास उत्तर कोणत्याही गावास लागू पडेल असे, म्हणजेच कोणाच्याच उपयोगाचे नसलेले मिळते. आम्ही पुढील माहिती दिली : अपेक्षित बालके १८०, तपासणारे वैद्य ३, प्रत्येक बालकास सुमारे ४ मिनिटे, नोंदणीचे टेबल १, सभागृहाचे दार एकच, वेळ सकाळी ९ पासून. यावर साधनाने लगेच दाखवून दिले की तीन वैद्य मिळून तासाला ४५ बालके पाहतील, म्हणजे १८० बालकांस ४ तास लागतील. सर्वांना ९ वाजता बोलावणे अयोग्य. त्यानुसार चार गट करून ९, १०, ११ व १२ अशा वेळा आम्ही दिल्या. हा हिशोब आपणही करू शकतो, पण धावपळीत तो करायचा राहून जातो. अशा कामी हे साधन खरोखर उपयुक्त आहे.

मात्र बालकांची नावे, वजन, व्याधींचा इतिहास व पालकांचे दूरध्वनी क्रमांक या सामग्रीत घालू नयेत. नियोजनास संख्या पुरेशा असतात.

३) देश व काल

देशाविषयी साधनास स्वतःचे ज्ञान नसते. दुपारी सभागृहाच्या कोणत्या बाजूस ऊन येते, आठवडी बाजार कोणत्या दिवशी भरतो, शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, हे आपणच सांगावे लागते.

कालाविषयी तर अधिक सावध राहावे. सुवर्णप्राशन पुष्य नक्षत्रावर करण्याची प्रथा आहे. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून सुमारे २७.३ दिवसांत फिरतो, त्यामुळे पुष्य दर वेळी वेगळ्या तारखेस व वेगळ्या वेळी लागते. आम्ही पुढील सहा महिन्यांच्या तारखा साधनास विचारल्या. सहापैकी दोन पंचांगाशी जुळल्या नाहीत. तारखा पंचांगातून काढून साधनास द्याव्यात. उलट करू नये.

आयुर्वेद दिनाचे उदाहरणही असेच आहे. २०१६ पासून हा दिवस धन्वंतरी जयंतीस साजरा होत असे. २०२५ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी २३ सप्टेंबर ही तारीख निश्चित केली. जुन्या लेखनावर आधारलेले साधन अद्यापही धनत्रयोदशीच सुचवू शकते.

४) कार्य, कार्यफल व प्रवृत्ति

कार्य आणि त्याचे फल कर्त्याने आधी ठरवावे. किती बालके आली हे शिबिराचे फल, की किती बालकांच्या पालकांना आहारविहाराचे मार्गदर्शन झाले, हा निर्णय साधनाकडे सोपवू नये. तो ठरल्यावर प्रवृत्ति, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा आरंभ व विभागणी, यात त्याची मदत अवश्य घ्यावी. तीन आठवडे आधी काय, आठ दिवस आधी काय, आदल्या सायंकाळी काय, अशी यादी ते व्यवस्थित करते. औषधालय चालकांनी साठ्याची यादी अशीच करून घ्यावी. परंतु बॅच क्रमांक व मुदत बाटलीवरून स्वतः वाचून भरावी.

५) अनुबंध

कार्यानंतर त्याचा जो परिणाम कर्त्यास चिकटतो तो अनुबंध. या भावाकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून येथे तीन प्रसंग नमूद करतो.

पहिला : पत्रकाच्या मसुद्यात साधनाने ‘उंची वाढण्याची हमी’ असे शब्द घातले होते. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाप्रमाणेच शरीराच्या उंचीचाही समावेश आहे. अशी जाहिरात वैद्य व औषधालय चालक दोघांनाही अडचणीत आणणारी ठरते. साधन बाजारातील जाहिरातींवरून शिकलेले असल्याने तीच भाषा वापरते. हमी, समूळ उच्चाटन, शंभर टक्के गुण हे शब्द दिसताच खोडावेत.

दुसरा : नोंदणीची यादी नीट लावण्यासाठी एका स्वयंसेवकाने ती संपूर्ण साधनात टाकण्याची तयारी केली होती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी रुग्णाची माहिती ही आपल्याकडील ठेव आहे. ती यादी आम्ही संगणकावरील साध्या तक्त्यात लावली.

तिसरा प्रसंग अधिक गंभीर. पालकांसाठीच्या माहितीपत्रकात साधनाने सुवर्णप्राशनाचे घटक सांगताना मध व तूप ‘समप्रमाणात’ असे लिहिले. वाक्यरचना इतकी सुबक होती की दोघांच्या वाचनातून ते निसटले. छपाईस जाण्यापूर्वी तिसऱ्या वैद्यांच्या लक्षात आले. समप्रमाणातील मध व तूप हा संयोग विरुद्ध आहे, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तरीही ते पत्रक आमच्या नावाने १८० घरांत गेले असते आणि एखाद्या मातेने घरी तसे मिश्रण करून दिले असते. चूक साधनाने केली, असे त्या वेळी आम्हांस म्हणता आले नसते.

६) उपाय

कारणादी भावांची उत्तमता व त्यांची योग्य जुळणी म्हणजे उपाय. अनुभवाअंती आम्ही पुढील पद्धत ठरवली आहे.

अ) वेळापत्रक, कामांची विभागणी, निमंत्रणाचा मसुदा, आभारपत्र, खर्चाचा आराखडा ही कामे साधनाकडून करून घ्यावीत.

आ) द्रव्य, मात्रा, अनुपान, पथ्यापथ्य व रोगाविषयीचे विधान यांचा मजकूर वैद्यानेच लिहावा. साधनाने फार तर शुद्धलेखन पाहावे, आणि त्यानंतरही मूळ मजकुराशी ताडून घ्यावे.

इ) तारखा पंचांग व शासकीय सूचना यांवरून घ्याव्यात.

ई) रुग्णाची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती देऊ नये.

उ) जनतेस जाणारा प्रत्येक कागद, ज्याने तो तयार केला नाही अशा वैद्याने मोठ्याने वाचून स्वाक्षरी करावी. मनातल्या मनात वाचताना सुटलेली चूक मोठ्याने वाचताना सापडते.

उपसंहार

नवीन द्रव्य हाती आले असता त्याचे गुण, कर्म व प्रयोगाची मर्यादा जाणून मगच ते वापरावे, ही आपली परंपरा आहे. तीक्ष्ण द्रव्य युक्तीने योजल्यास औषध ठरते, युक्तीविना योजल्यास अपाय करते. या साधनाचेही तसेच आहे. आमच्या शिबिरात त्या दिवशी रांग लागली नाही, बालके रडून बेजार झाली नाहीत आणि वैद्यांना प्रत्येक पालकाशी बोलण्यास अवसर मिळाला. हा वाचलेला वेळ रुग्णाच्या वाट्यास आला, तरच साधनाचा वापर सार्थ झाला असे म्हणता येईल. येत्या शिबिराचे नियोजन करताना वैद्यबंधुभगिनींनी हे दहा भाव एका कागदावर लिहून समोर ठेवावेत, ही नम्र विनंती.