उंच गाडी, सुरक्षित गाडी?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गावच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा आणि गाड्या पाहा. पूर्वी एक तर जीप दिसे, नाहीतर मोटार. आता या दोहोंमधली एक गाडी जास्त दिसते. तिची उंची जीपसारखी, पण बांधणी मोटारीसारखी असते. जीपमध्ये खाली वेगळा लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरचा भाग बसवतात. या गाडीत दोन्ही एकसंध असतात. म्हणून ती हलकी असते व इंधन कमी लागते. तिला 'क्रॉसओव्हर' किंवा छोटी एसयूव्ही म्हणतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ही गाडी लोकांना का आवडते? इथे पाथर्डीकडे जाताना करंजी घाट लागतो. संगमनेरजवळ चंदनापुरी घाट आहे. शेतातल्या वस्तीवर जायचे तर रस्ता कच्चा असतो. गावोगावी गतिरोधक असतात. या गाडीचा तळ जमिनीपासून सुमारे 200 मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे तो घासत नाही. शिवाय लहान गाडीवर कर कमी आहे. लांबी 4 मीटरपर्यंत आणि इंजिन ठरलेल्या मापाचे असेल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के कर लागतो. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर तो 40 टक्के आहे.

पुढच्या गाडीत काय हवे, असे चालकांना विचारले तर कोणी म्हणेल, इंधन कमी लागावे. कोणी म्हणेल, मागे बसणाऱ्यांनाही गार हवा मिळावी. कोणाला मोठा पडदा हवा असतो. या मागण्या योग्यच आहेत. पण एक मागणी आपण बहुधा विसरतो.

ऊसतोडणीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एखाद्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. ती अगदी जवळ आल्यावर दिसते. चालक जोरात ब्रेक दाबतो आणि गाडी एकदम वळवतो. अशा वेळी उंची उपयोगी पडत नाही. उलट धोका वाढवते. एक उभा खोका आणि एक आडवा खोका ढकलून पाहा. उभा खोका लवकर कलंडतो. गाडीचेही तसेच आहे.

म्हणून चालकाने गाडीत स्थिरता राखणारी यंत्रणा मागावी. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एखाद्याच चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि गाडी सावरते. 'भारत एनकॅप' ही चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात आणि पाचपैकी तारे देतात. मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगवेगळे तारे असतात.

मागणीने काय घडते, याचे उदाहरण जवळचेच आहे. नगर-पुणे रस्त्यावरील रांजणगावला टाटांची नेक्सॉन गाडी तयार होते. ऑगस्ट 2018 मध्ये 'ग्लोबल एनकॅप'ने तिला चार तारे दिले. कंपनीने सुधारणा केल्या, आणि डिसेंबरमध्ये तिला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या आणि भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला हा मान प्रथमच मिळाला. अहिल्यानगरातही वाहन संशोधन व विकास संस्था आहे. सरकारी नियमांनुसार वाहने तपासण्याचे काम तेथे चालते.

मित्रांनो, घरी नवी गाडी घ्यायची चर्चा निघाली, तर रंग जरूर विचारा. पण त्याआधी तारे किती, हे विचारा. आणि गाडी कितीही चांगली असली, तरी मागच्या आसनावरही पट्टा बांधा. तो बांधणे हे गाडीचे नव्हे, आपले काम आहे.

स्वाध्याय
1. जीप आणि क्रॉसओव्हर यांच्या बांधणीत काय फरक आहे?
2. उंच गाडी कलंडण्याचा धोका जास्त का असतो?
3. तुमच्या ओळखीच्या एका चालकाला त्याच्या पुढच्या गाडीत काय हवे ते विचारा आणि पाच वाक्ये लिहा.