आधीची सीडी

दादांची 'लाईट' संपली, त्या दिवसापासून कराडच्या घरात एकच प्रश्न होता: गाठ गेली का? गुदाशयाचा कॅन्सर, रेडिएशनच्या 28 सिटिंग, सोबत गोळ्या. पुढे ऑपरेशन आणि कदाचित पोटावर कायमची पिशवी. धाकट्या भावाला, म्हणजे मला, धीर धरवेना. चौथ्याच आठवड्यात मी त्यांना जवळच्या सेंटरवर एमआरआयला नेलं. पहिल्या एमआरआयची सीडी कपाटातच राहिली.

रिपोर्ट आला, 'गाठ शिल्लक'. दादा दोन दिवस धड जेवले नाहीत.

घाई माझी होती. लाईट संपल्यावरही गाठ कित्येक आठवडे विरत असते आणि आतड्याची सूज सावकाश उतरते. म्हणून उपचार किती लागू पडला हे पाहायला साधारण 8 ते 12 आठवडे थांबतात. शिवाय हे कळतं ते तुलनेतून. आधी गाठ कुठे होती, केवढी होती, हेच समोर नसेल तर डॉक्टरांनी नवं चित्र कशाशी ताडून बघायचं?

दहाव्या आठवड्यात सीडी घेऊन पुणं गाठलं आणि नवा एमआरआय करून घेतला. रेडिओलॉजिस्टबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. जुन्यात करडा उंचवटा, नव्यात त्याच जागी बारीक काळी रेघ. "हा वण आहे," त्या म्हणाल्या, "पण वणातही पेशी दडून राहू शकतात." मग डिफ्यूजनची चित्रं उघडली. पेशी दाटीने असतात तिथे पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि तो भाग पांढरा चमकतो. दादांच्या चित्रात तशी चमक नव्हती. आत हवा असली की हे चित्र वेडंवाकडं येतं, म्हणून आधी छोटा एनिमा दिला होता. चौथ्या आठवड्यातल्या खेपेला तो दिला नव्हता आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

एमआरआय एकटा निकाल देत नाही. बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय या तिन्हींचं जुळलं, तरच ऑपरेशन न करता नजर ठेवण्याचा विचार होतो. ही वाट ब्राझीलच्या सर्जन अँजेलिटा हाबर-गामा यांनी पाडली. 2004 मध्ये त्यांनी साओ पावलोच्या 265 रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या 71 जणांत उपचारानंतर गाठ सापडली नाही, आणि त्यांना ऑपरेशनशिवाय देखरेखीखाली ठेवलं होतं. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशा 880 रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद आली, तेव्हा दुसरी बाजूही दिसली: दोन वर्षांत चौघांतल्या एकाची गाठ पुन्हा उगवली, जवळजवळ सगळ्यांची आतड्याच्या भिंतीतच. म्हणूनच तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही.

पहिल्याच एमआरआयवरून उपचार लागू पडेल का, हे संगणकाकडून वर्तवून घेण्याचं संशोधनही चालू आहे. पण तेवढ्याच भरवशावर कुणी ऑपरेशन टाळायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि रिपोर्टच्या कागदासोबत चित्रांची सीडी मागून घ्या, अगदी पहिल्या दिवसापासून.

दादांनी नजर ठेवण्याची वाट धरली आहे. दर तीन महिन्यांनी पुण्याची फेरी असते. आदल्या रात्री वहिनी सीडींची कापडी पिशवी चपलांच्या शेजारी आणून ठेवतात. प्रत्येक सीडीवर त्यांनी स्केचपेनने तारीख घातली आहे.