दप्तर दुसऱ्याच्या दारात

दिवाळीत आपल्या पेढ्यांवर आजही वहीपूजन होते. परंतु पूजेतील त्या वहीत पुढे वर्षभर किती रकमा लिहिल्या जातात, हे आपण सर्व जाणतो. रोजमेळ, उधारी, मालाचा साठा, कराची विवरणपत्रे हे सारे आता संगणकात असते, आणि पुष्कळदा तो संगणक दुकानात नसून दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात आणि हैदराबादेस अशी केंद्रे बरीच आहेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. संकेतशब्द चोरणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे आम्ही दारातून येणाऱ्या चोराचा विचार करीत आहोत.

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत शिकागो येथील एका केंद्राची भिंत यांत्रिक करवतीने कापून बुरखाधारी चोर आत शिरले. रात्रपाळीच्या व्यवस्थापकास मारहाण करून त्यांनी किमान २० सर्व्हर पळविले. सुमारे दोन वर्षांतील ही तेथील चौथी चोरी! त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमधील किंग्ज क्रॉस भागातील केंद्रावर चोर पोलिसांच्या वेषात आले. छपरावर माणसे असल्याची खबर आहे, असे सांगून त्यांनी प्रवेश मिळविला आणि कर्मचाऱ्यांना बांधून यंत्रे नेली. आम्हांस ही दुसरी हकीकत अधिक विचार करावयास लावते. येथे भिंत फोडावी लागलीच नाही; गणवेश पाहून दार आतून उघडले गेले.

म्हणूनच उत्तम केंद्रांत एकापुढे एक अशी दोन दारे असतात. पहिले बंद झाल्याविना दुसरे उघडत नाही, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एका वेळी एकच मनुष्य मावतो. कोणी हातात खोके घेऊन मागून आला तर दार धरून ठेवणे हे आपल्याकडे सौजन्य समजतात. चोराला नेमके तेच हवे असते. नुसते ओळखपत्र उसने देता येते, म्हणून त्याच्या जोडीला बोटाचा ठसा घेतात. पाहुण्याचे नाव आगाऊ कळविलेले असावे लागते, आणि आत त्याच्याबरोबर केंद्राचा माणूस फिरतो. पोलीस आले तरी पहारेकऱ्याने स्वतः ठाण्याला दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. यात कोणाचा अपमान नाही. बँकेच्या लॉकरला आपली किल्ली आणि बँकेची किल्ली अशा दोन्ही लागतात, त्याचा आपण कधी राग मानतो काय?

येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद तर सर्वत्र असते; ती वाचतो कोण, हा खरा प्रश्न होय. नोकरी सोडून गेलेल्याचे ओळखपत्र त्याच दिवशी रद्द होते की नाही, आणि जुन्या डिस्क भंगारात देण्यापूर्वी नष्ट करतात की नाही, हे सभासदांनी आपल्या सेवादात्यास लेखी विचारावे. दुसरी प्रत अन्य गावी आहे ना, हेही विचारावे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे केंद्र जळाले, तेव्हा ज्यांची दुसरी प्रतही तेथेच होती अशा काही ग्राहकांचे दप्तर कायमचे गेले.

ज्यांचा सर्व्हर अजून दुकानातच आहे, त्यांना हे प्रश्न स्वतःला विचारावे लागतील. आम्ही पाहिलेल्या अनेक पेढ्यांत तो माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी असतो आणि माळ्याची किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलेली असते. ती हमालापासून दुरुस्तीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. ती किल्ली आधी तिजोरीत ठेवावी, आणि माळ्यावर कोण केव्हा गेला याची एक लहानशी वही करावी.